चुलीपुढचा पहिला पाट

विद्यार्थी कसा शिकतो हे मोजायचं साधन आमच्या कॉलेजात १९६३ साली पुण्याहून आलं, असं त्या वर्षीच्या अहवालात छापलं आहे. अहवाल मीच टाइप केला होता, तेव्हा त्यावर फार विश्वास ठेवू नका. साधन त्याच्या आधीपासून गावात होतं. तुळसाकाकीच्या खानावळीत, चुलीपासून दारापर्यंत एका रांगेत मांडलेलं. चौदा पाट.

कॉलेजचं नाव सांगत नाही. मालवणपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं तर माजी विद्यार्थी पत्रं धाडतील, आणि तेव्हाच्या प्राचार्यांचे जावई तर थेट घरी येतील. मी त्या कॉलेजात कारकून होतो आणि दोन्ही वेळा तुळसाकाकीकडे जेवत होतो.

काकीचा नियम साधा. वाढता वाढता ती प्रत्येकाला विचारी, "आज काय शिकलस रे? माका सांग." सांगितलेलं तिला समजलं, तर उद्या तुझा पाट एक जागा चुलीकडे. नाही समजलं, तर एक जागा दाराकडे. चुलीजवळच्याला वाफाळता भात आणि बांगड्याचा मधला तुकडा. दाराजवळ पोचेपर्यंत भात निवलेला, तुकडा शेपटीचा, आणि पाठीशी कुत्रं श्वास घेत उभं.

तुम्हाला वाटेल, बाईला विद्येची केवढी ओढ! गावात वेगळंच बोललं जाई. बोलणाऱ्या पोराच्या तोंडात भात कमी जातो म्हणून तिने ही युक्ती काढली, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मीच. एकदा तिच्या तोंडावर म्हटलं, तर ती म्हणाली, "कारकुनानु, तुमी बोलतास सगळ्यांपेक्षा जास्त आणि भात घेतास चार येळा. तुमच्यावर ही युक्ती खंय चलली?"

खरं कारण तिच्या नवऱ्यात होतं. तिचा शंकर दशावतारी मंडळीत राजाचं काम करी. आपल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठाऊक असते, बाकी बोलणं उभ्या उभ्या रचायचं. समोरचा नट एखादा आडवा प्रश्न टाकतो, आणि त्याला राजाने राजासारखं उत्तर द्यायचं. लग्नानंतरची सहा वर्षं काकी प्रत्येक जत्रेला मंडळीच्या वेषांच्या पेटाऱ्यामागे बसून हे ऐकत आली. एका जत्रेत शंकर आजारी पडला, म्हणून एक नवा गडी राजा झाला. त्याने भाषण वहीत लिहून पाठ केलेलं. समोरच्या राक्षसाने सहज विचारलं, "राजा, तुझ्या नगराला दरवाजे किती?" वहीत दरवाजे नव्हते. राजाने घाम पुसला आणि पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. राक्षसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. राजाने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. शेवटी प्रेक्षकांतूनच कोणी ओरडलं, "अरे, एक तरी दरवाजो सांग आणि तेच्यातसून भायर पड!"

शंकर पुढे तापाने गेला. काकीने खानावळ घातली. अक्षर ओळख नाही. पण 'पाठ केल्लो राजा' कोणता आणि 'जाणतो राजा' कोणता, हे तिला दोन घासांत कळे. आधी सांगू द्यायचं, मग एक आडवा प्रश्न टाकायचा. बस्स.

आमच्या कॉलेजचा पहिला नंबर भाई, मालवणच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांचा मुलगा, दोन वर्षं दारातल्या पाटावरून हलला नाही. त्याला पुस्तक पान क्रमांकासकट पाठ. काकी म्हणे, "भाई, तुझां सगळां बरोबर आसा. पण माका काय्येक कळाक नाय. म्हंजे तुकाय कळाक नाय." भाई रागाने लाल होई आणि शेपटीचा तुकडा मुकाट्याने खाई.

आणि चुलीपुढचा पहिला पाट सुगंधाचा.

ही नांदगावची. बाप दत्ताराम, भातशेती आणि थोडे काजू. त्या गावातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. राहायला काकीकडेच, माजघरालगतच्या खोलीत. मुलांच्या रांगेत मुलगी जेवते म्हणून गावात कुजबुज सुरू झाली. (ती मी सुरू केली नव्हती. पसरवली असेन.) काकीने तिचा पाट चुलीकडे तोंड करून मांडला आणि म्हणाली, "ती तुमच्याकडे पाठ करून बसता. तुमी पुस्तकाकडे तोंड करून बसा."

सुगंधाची एक खोड होती. तिला भराभर लिहिता येत नसे. समजल्याखेरीज तिची लेखणी पुढे सरकतच नसे. सहामाहीला सहापैकी तीनच प्रश्न सोडवून झाले आणि घंटा झाली. ते तीन असे लिहिलेले, की तपासणाऱ्या प्राध्यापकांनी कागद मला दाखवायला आणला. पण तीन म्हणजे तीन. मार्क काठावर.

आता काठाचं महत्त्व सांगतो. आदल्या वर्षी इंटरचा, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा, निकाल घसरला होता, म्हणून प्राचार्यांनी ठरवलं होतं की खात्रीच्याच मुलांचे फॉर्म विद्यापीठाकडे पाठवायचे. बाकीच्यांनी एक वर्ष थांबावं. भाईसारख्याला वर्ष थांबणं म्हणजे घरी आणखी लाड. सुगंधाला ते नव्हतं. कणकवलीकडचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं, आणि दत्तारामने त्यांना सांगितलं होतं, "चेडू ह्या वर्सा इंटर झाला तर फुडे शिकतला. नाय झाला तर येत्या उन्हाळ्यात लगीन." म्हणजे फॉर्म गेला तर कॉलेज, न गेला तर बोहलं. फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस सोमवार.

अशात पुण्याहून सदानंदसर आले. तर्कशास्त्र शिकवायला. वय अठ्ठावीस, पांढरा शर्ट, आणि बगलेत चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. मुलं कशी शिकतात, पाठ करून की समजून, हे त्यांना मोजायचं होतं. प्रती पुरेशा नव्हत्या. म्हणून सर प्रश्न वाचणार आणि मुलांनी आपापल्या कागदावर क्रमाने होय किंवा नाही लिहायचं, असं ठरलं. सभागृहात त्रेसष्ट मुलं जमली.

आता नवं कार्य, आणि नारळ नाही ठेवायचा? आमचा शिपाई बाबली हा त्याच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि मागच्या मंडळींनी प्रत्येक मागण्याला रुकार द्यायचा, ही आमची रीत. बाबलीने सरस्वतीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला आणि खडा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कॉलेजात जां काय नवां कार्य मांडलेलां आसा, तां तडीक ने रे म्हाराजा!"

त्रेसष्ट गळे: "व्हय म्हाराजा!"

"पुण्यासून इल्ल्या सरांका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांच्या वाटेक कोण आडवो इलो, तर तेका सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात प्राचार्यांचाही आवाज होता.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि तोंडात खोबरं असतानाच सदानंदसर उभे राहिले. आवाज भरदार, वाक्याच्या शेवटी सूर लांबवायची सवय. "प्रश्न पहिलाऽ. मी नियमितपणे अभ्यास करतोऽ." समोर पहिल्या रांगेत प्राचार्य. मुलांनी लिहिलं, होय. "प्रश्न दुसराऽ." होय. असे चाळीस.

सर कागद माझ्या कपाटात ठेवून बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले. जाताना बजावलं, "मी येईपर्यंत हात लावू नका हं." तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "होय मोजा."

मी मोजले. इथे मी खोटं बोलणार नाही. मला वाटलंसुद्धा, की कुठले होय आणि कुठले नाही हे बघायला हवं. पण बाहेर एस.टी. लागली होती आणि तिच्यातून कोण उतरतंय हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. साठ जणांचे चाळीस. दोघांचे अडतीस, कारण ते शेवटी कंटाळले. एका कागदावर सतरा. त्या कागदावर चार ठिकाणी 'कधी कधी' लिहिलं होतं, ते मी शून्यात धरलं.

तो सुगंधाचा होता.

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. ते सहामाहीचे मार्क काढून बघत म्हणाले, "मार्क काठावर, आणि अभ्यासाची वृत्ती ही अशी. राहू दे एक वर्ष." नांदगावला पोस्टकार्ड गेलं. लिहिलं मीच.

दुपारी खानावळीत मी ही बातमी तोंडी लावायला घेतली. मला बातमी पोटात ठेवायची सवय नाही. सुगंधाचा हात भातात थांबला. ती चुलीकडे बघत बसली. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ज्याचो होय जास्त, तो हुशार?"

"प्राचार्यांनी तसं धरलंय."

"आणि तुमी काय धरलात?"

मी चौथ्यांदा भात मागितला. संध्याकाळी जेवायला गेलो तर माझा पाट दाराच्याही बाहेर, पडवीत. कुत्र्याच्या मागे.

रविवारी दुपारी दोन माणसं खानावळीच्या दाराशी एकाच वेळी आली. एक सदानंदसर, एस.टी.तून उतरून थेट जेवायला. दुसरा दत्ताराम, पोस्टकार्ड खिशात आणि ट्रंक बांधायला काथ्याची दोरी हातात.

"तुळसाबाय, चेडवाक घेऊन जावक इलंय," तो म्हणाला.

"घेऊन जा. तुजांच चेडू. पण जेवल्याबिगर खंय जातस? बस." काकीने त्याला उंबऱ्याशी बसवलं आणि सरांकडे वळली. "सरानु, तुमचे ते प्रश्न माका वाचून दाखवा. आमच्या पोरीक ज्या मापान मोजल्यात, तां माप तरी बघूया."

सरांना काहीच ठाऊक नव्हतं. मी पडवीतून सगळं सांगितलं, माझा भाग जरा बारीक आवाजात. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतून प्रश्नावली काढली आणि ताटावर बसल्या बसल्या वाचायला लागले. सवयीने सूर लांबला.

"अर्थ समजल्याशिवाय मी पुढच्या पानावर जात नाहीऽ."

"व्हय म्हाराजा!" भात कालवता कालवता सगळी रांग एका सुरात बोलली.

सर हसले. "परीक्षेपुरतं पाठ झालं की मला समाधान वाटतंऽ."

"व्हय म्हाराजा!"

सर हसायचे थांबले. "अरे, हा प्रश्न त्याच्या उलट आहे. दोन्हीला होय कसं चालेल?"

तेवढ्यात कागद घेऊन बाबलीही आत आला; मीच त्याला कपाटाची किल्ली देऊन धाडला होता, तेवढं पुण्य माझ्या नावावर धरा. सरांनी कागद चाळले. समजून वाचण्याच्या सातव्या प्रश्नाला होय, पाठ करण्याच्या तेविसाव्यालाही होय. भाईचं होय, होय. सगळ्यांचं होय, होय.

"पण तुम्ही विचार न करता लिहिलंत?" सरांनी विचारलं.

"सरानु, गाराण्याक कोण नाय म्हणता?" बाबलीला प्रश्नच समजेना. "नाय म्हटल्यार देव काय म्हणतलो? आणि प्रिन्सिपॉलसाहेब?"

सरांनी सुगंधाचा कागद वर काढला. तेविसाव्याला नाही. 'मी नियमितपणे अभ्यास करते' याला 'कधी कधी'. ते बराच वेळ तो कागद वाचत राहिले, आणि समोरचा भात निवत गेला. मग म्हणाले, "काकी, तुम्ही कसं मोजता ते मला दाखवाल?"

"दाखवतंय. त्याका काय व्हया?" काकीने खारातल्या आंब्यांची बरणी पुढे ओढली आणि एक सुरकुतलेली कैरी पळीवर काढली. "भाई, ह्यो आंबो मी टाकलंय तेव्हा गुटगुटीत हुतो. आता असो म्हाताऱ्या कारकुनासारखो कित्या झालो?"

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. लिहून ठेवा.

भाई खडबडून बसला. "ऑस्मॉसिस, काकी. सेमी-परमिएबल मेम्ब्रेनमधून सॉल्व्हंट..." आणि पान एकशे बाराचं पूर्ण वाक्य त्याने एका श्वासात म्हटलं.

"बरां. आणि मिठाच्या जाग्यार साखरेचो पाक घातलंय तर?"

भाईने वर पाहिलं. पाक एकशे बाराव्या पानावर नव्हता. त्याने सुरुवात केली, "ऑस्मॉसिस म्हणजे..."

"दरवाजे किती रे राजा?" रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, आणि हशा झाला.

"गप रवा मेल्यानु! सुगंधा, तू सांग गो."

सुगंधाने पाट वळवला. बापाला पाहून ती आधी अडखळली. मग कैरी हातात घेतली. "साल म्हंजे गाळणी, काकी. तिच्यातसून पाणी जाता, मीठ सहज जाणा नाय. भायर मीठ जास्त, आत कमी. म्हणान आतलां पाणी भायर येता आणि आंबो सुकता. पाकातय तसांच. आणि उलट्यां बघूचा असला तर सुको मनुको नुसत्या पाण्यात टाक. तो फुगता. तेचो गोडवो आत, पाणी भायर, म्हणान पाणी आत जाता."

काकीने मान हलवली. तिला समजलं होतं. उंबऱ्यावर बसलेल्या दत्तारामलाही समजलं होतं, कारण तो बरणीकडे नव्या नजरेने बघत होता. पण काकी थांबणारी नव्हे. तिने तिखल्यातला, घट्ट तिखट रश्शातला, बांगडा उचलला. "मग ह्यो? ह्यो जलमभर मिठाच्या पाण्यात. ह्यो कित्या सुकाक नाय?"

रांगेने माना पुढे काढल्या. भाईने डोळे मिटून पुस्तक उलटलं, तिथे बांगडा नव्हता. सदानंदसरांनी तर्कशास्त्र उलटलं, तिथेही नव्हता.

सुगंधा बांगड्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. ती परीक्षेत पडायची तीच. "तां माका म्हायत नाय," ती म्हणाली. "पण सुकाक व्हयो हुतो. म्हंजे तो कायतरी करता. एकतर पाणी परत घेता, नायतर मीठ भायर टाकता. बायलॉजीच्या सरांका इचारूक व्हयां." आणि मग हळूच, "इचारूक मिळाला तर."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि प्रश्नावलीच्या मागे तिचं उत्तर लिहून घेतलं. मला ते पडवीतून दिसलं. 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केले.

"दत्ताराम," काकी म्हणाली, "ही दोरी खंय बांधतलस आता?"

दत्तारामने दोरीची गुंडाळी केली, उघडली, पुन्हा केली. मग सरांना विचारलं, "सरानु, तो मासो काय करता, तां खरांच तुमकाय म्हायत नाय?"

"नाही हो."

"मग कोणीतरी शोधूक व्हयां," तो म्हणाला आणि दोरी कमरेला गुंडाळली. "पण फॉर्म गेलो नाय तर मी त्या लोकांका काय सांगू? मी शब्द दिल्लो आसा."

सर हात धुऊन तसेच प्राचार्यांच्या घरी गेले. मीही गेलो, अशी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं मला परवडत नाही. सर म्हणाले, "साहेब, त्रेसष्टपैकी बासष्ट उत्तरं रद्द. मुलांनी नाही, देवाच्या धाकाने लिहिलीत ती. आणि चूक माझी, मीच गाऱ्हाण्याच्या सुरात वाचलं. खरं उत्तर एकच आहे."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "आणि ती पेपर पुरा करू शकत नाही, त्याचं काय?"

"ते तीन महिन्यांत शिकवता येईल. समजून घेणं ज्यांना येत नाही, त्यांना ते तीन महिन्यांत शिकवता येणार नाही."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजलंत ना? काय मत?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मत विचारत होतं. मी म्हटलं, "साहेब, मी होय मोजले. माणसं मोजायची राहिली." ते वाक्य मला रस्त्यातच सुचलं होतं, येताना मी ते तीनदा घोकलं होतं. काकीने आडवा प्रश्न टाकला असता तर मी पडलोच असतो.

सोमवारी फॉर्म गेला. पुढचे तीन महिने सदानंदसर सुगंधाला घड्याळ लावून लिहायला बसवीत, आणि काकी खिडकीतून ओरडे, "गो, हात चलव, डोक्या नंतर!" इंटरला भाई पहिल्या वर्गात आला, सुगंधा दुसऱ्या. कणकवलीच्या लोकांना दत्तारामने जाऊन सांगितलं की चेडू एका माशाच्या पाठी लागलं आहे, वेळ लागेल.

सरांनी प्रश्नावली नव्याने केली. आता ते एकेका मुलाला वेगळं बोलावत, नारळाशिवाय, आणि होय-नाहीच्या जोडीला 'कधी कधी' आणि 'माहीत नाही' अशी घरं आखत. मसुदा आधी काकीला वाचून दाखवत. कुठल्याही प्रश्नाला रांगेतून "व्हय म्हाराजा" आलं, की तो प्रश्न तिथेच खोडायचा.

दोन वर्षांनी सुगंधाचं मुंबईहून पत्र आलं. ती तिथे प्राणिशास्त्र शिकत होती. ते मी काकीला वाचून दाखवलं. समुद्रातला मासा समुद्राचं पाणी पितो, आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, असं तिने लिहिलं होतं. शेवटी: 'काकी, समजलं का? नसेल तर माझा पाट सरकव.'

काकीने पदराने डोळे टिपले. चुलीचा धूर होता, असं तिने सांगितलं, आणि चूल विझलेली होती. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"कारकुनानु, कार्ड घेवा. लिवा. देवबागच्या खाडीतलो मासो भरतीक खाऱ्या पाण्यात, ओहोटीक गोड्या पाण्यात. मग तो दिसाक दोन येळा काय करता? सवय बदलता काय?"

मी लिहिलं. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "लिवलात तां. पण तुमका समाजलां? सांगा बघूया."

मी सांगितलं. भाईचा नव्हे, पुस्तकाचा नव्हे, आमच्या खाडीचा शब्द वापरून, जमेल तसं सांगितलं. ती ऐकत होती. मग उठली, पडवीत गेली, आणि दोन वर्षं तिथे पडलेला माझा पाट उचलून दाराच्या आत एक हात मांडला.

"एकच जागो?" मी म्हटलं.

"फुडचो प्रश्न उद्या," ती म्हणाली आणि भात वाढायला वळली.